निखिलकडे जाऊन आलो

सर, तुम्ही गेल्याला आज बावीस दिवस झाले. आपल्या सायकलगटानं तुमच्यावर लिहायचं काम माझ्याकडे दिलंय. "मंदार, तूच लिही, सरांच्या सगळ्यांत जवळचा तूच होतास," असं तिघाचौघांनी सांगितलं आणि मी मान हलवली. तुमचं भंडाऱ्याकडचं गाव, पाटबंधारे खात्यातली नोकरी, निवृत्ती, हे सगळं गटावर फोटोंसकट येऊन गेलंय. ते मी पुन्हा लिहीत बसत नाही. मला तुमच्याशी बोलायचं आहे. खरं तर तुम्ही येरवड्याच्या घरात खाटेवर होतात तेव्हाच बोलायचं होतं.

आपली ओळख झाली सोलापूर रस्त्यावर. माझी पहिलीच दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे होती. घरी समजावताना माझी दमछाक झाली होती, की ही शर्यत नाही, पहिला-दुसरा असं काही नसतं, ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात पुरं करायचं, वाटेत नेमलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का आणि वेळ घ्यायची, आणि मदतीला मागे गाडी ठेवायची नाही, बस. "मग बक्षीस काय?" असं बायकोनं विचारलं तेव्हा मी टायरमध्ये हवा भरायला गेलो. भिगवणला शिक्का घेऊन पुण्याकडे वळलो आणि समोरून वारा सुरू झाला. दुपारी त्या रस्त्यावर तो असतोच, पण मला नव्याला काय माहीत. पुढे एक पांढऱ्या मिशांचा माणूस एका लयीत पायडल मारत चालला होता. त्याच्या मागच्या चाकाला चिकटून चालवलं तर वारा तो खातो आणि आपल्याला निम्मंच लागतं, हे मला दहा मिनिटांत कळलं. पुढचे चाळीस किलोमीटर मी तिथून हललो नाही.

यवतच्या अलीकडे तुम्ही मान न वळवता बोललात, "साहेब, माझी पाठ पाहून झाली असेल तर आता जरा तुमची दाखवा."

मी इतका ओशाळलो की पुढे जाऊन तीन किलोमीटर जीव तोडून चालवलं आणि धापा टाकत बाजूला झालो. तुम्ही शेजारी आलात. "असं नाही. दोन-दोन किलोमीटर. तू दमायच्या आधी बदलायचं. दमल्यावर बदललं तर मागच्याला काय उपयोग?" 'साहेब'वरून 'तू'वर यायला तुम्हांला यवत ते उरुळी एवढंच अंतर लागलं. त्याच दिवशी तुम्ही मला पुढे असणाऱ्याचं कामही शिकवलंत. पुढच्याला रस्ता दिसतो, मागच्याला फक्त पुढच्याची पाठ दिसते. म्हणून खड्डा आला, काच आली, गतिरोधक आला, की हात खाली करून दाखवायचं आणि ओरडायचं. "मागचा तुझ्या डोळ्यांनी चालवतो," तुम्ही म्हणाला होतात.

त्यानंतर सहा वर्षं मी तुमच्याबरोबर सायकल चालवली. मी मांजरीहून निघायचो, तुम्ही येरवड्याहून. आठवड्यातले पाच दिवस मी हिंजवडीच्या बसमध्ये डोळे मिटून बसत असे आणि रविवारची वाट बघत असे. तुमचा काटेकोरपणा कधीकधी डोक्यात जायचा. एकदा सासवडकडच्या एका शिक्क्याच्या ठिकाणी तिथल्या कार्यकर्त्यानं ओळखीनं तुमच्या कार्डावर पाच मिनिटं आधीची वेळ टाकली. तुम्ही अर्धा किलोमीटर पुढे गेला होतात. परत फिरलात, ती खोडायला लावलीत, खरी लिहून घेतलीत. मी म्हटलं, "सर, कोण बघतंय?" तुम्ही म्हणालात, "मी पाहून राहिलो ना." चिडलात की तुमच्या बोलण्यात भंडारा यायचा. एरवी तीस वर्षांच्या पुण्यानं तो झाकलेला असे.

आता मागच्या वर्षीच्या त्या दिवसाकडे येतो. तो टाळून तुमच्यावर काही लिहिता येणार नाही.

हंगामातली ती शेवटची दोनशेची होती. तीनशे, चारशे आणि सहाशे आपल्या दोघांच्याही झाल्या होत्या. दोनशेची राहिली होती, कारण आधीच्या दोनशेला माझा टायर फाटला आणि तुम्ही माझ्यासाठी थांबलात, त्यात दोघांचीही वेळ गेली. चारही एका वर्षात पुऱ्या केल्या की एक पदक मिळतं. तुम्हांला साठ पूर्ण व्हायच्या आत ते हवं होतं. तुम्ही ते एकदाच बोललात, तेही हसत. पण मी लक्षात ठेवलं होतं.

भिगवणला शिक्क्याच्या टपरीवर निखिल भेटला. तिशीतला, भोसरीच्या कारखान्यात मशीनवर काम करणारा, मूळ यवतमाळकडचा. सायकल मित्राची, हेल्मेटही मित्राचंच. पहिलीच दोनशे. तुम्ही दोघं चहा पिता पिता तिकडच्या बोलीत असे काही सुरू झालात की मी आपला बिस्किटं मोजत बसलो. निघताना त्यानं विचारलं, "सर, मी येऊ का तुमच्यासंगं? एकट्यानं वाऱ्यात निभत नाही." तुम्ही लगेच हो म्हणालात. मला तो नको होता. नवखा माणूस बरोबर घ्यायचा म्हणजे वेग कमी करायचा. मी बोललो नाही, पण तुम्हांला कळलं. "अरे, तूही असाच होतास," एवढंच म्हणालात.

वरवंड मागे पडलं. पुढे राहायची पाळी माझी होती. माझ्यामागे निखिल, त्याच्यामागे तुम्ही. मी हँडलवरच्या छोट्या पडद्यावर सरासरी बघत होतो, किती वाजता पोचू त्याचा हिशोब करत होतो. मान वर केली तर समोर खड्डा. परातीएवढा, कडेचं डांबर उखडलेलं. मी सायकल झटक्यात उजवीकडे घेतली. हात खाली गेला नाही आणि तोंडातून शब्दही निघाला नाही.

वेळच मिळाला नाही, असं मी तुम्हांला नंतर सांगितलं. सर, वेळ मिळाला होता. खड्डा चुकवल्यावर मला हुश्श वाटलं, ते हुश्श वाटण्याइतका वेळ होता. तेवढ्यात मी ओरडू शकलो असतो.

मागे आवाज झाला. मी वळून पाहिलं. निखिल रस्त्यावर आडवा, सायकल त्याच्या पायांत, आणि तुम्ही उतरून त्याच्याकडे धावताय. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता. तुम्ही त्याला थांबवायला एक हात वर केलात आणि मग माझ्याकडे बघून दुसरा. मी वेग कमी केला होता. एक पाय टेकलाही होता. तुमचा तो हात 'थांब' म्हणत होता. मी वर्षभर तुमच्याशी भांडलो की मला तो 'तू जा' असा वाटला. आज लिहून टाकतो, मला तो नीट कळला होता. मी पाय उचलला आणि निघालो.

यवत, उरुळी, लोणी, मांजरी. माझ्या घराजवळून गेलो तेव्हा वाटलं, इथंच थांबावं. पण थांबलो नाही. मुदतीच्या पन्नास मिनिटं आधी पोचलो. "सर कुठायत?" असं तिथल्या माणसानं विचारलं, तर मी म्हटलं, "मागे आहेत." दोन शब्द. कार्ड दिलं, सही केली, केळं खाल्लं. पन्नास मिनिटं शिल्लक होती, सर. मी थांबून, त्याला टेम्पोत बसवायला हात लावून निघालो असतो तरी कदाचित पोचलो असतो.

तुमचा फोन आठच्या सुमारास आला. "पोचलास?"

"हो."

"बरं." आणि तुम्ही फोन ठेवलात.

निखिलचं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसवली. हात पुरता वळेना, म्हणून कारखान्यात त्याला मशीनवरून स्टोअरमध्ये टाकलं. हे सगळं मला तुमच्याकडून कळत राहिलं. त्या दिवशी टेम्पोतून त्याला पुण्याला आणलंत ते तुम्ही, त्याच्या घरी कळवलंत तुम्ही, दर महिन्याला भोसरीला जात राहिलात तुम्ही. तुमची सायकल आठवडाभर चौफुल्याच्या दवाखान्यात पडून होती. आणि पदक मिळालं मला. तुम्ही ते हातात घेऊन पाहिलंत, उलटं करून पाहिलंत, म्हणालात, "छान आहे रे." त्यात टोमणा होता का ते शोधत मी घरी गेलो. टोमणा नव्हता.

त्याआधीच्या रविवारी मात्र तुम्ही विचारलं होतंत. तुमच्या इमारतीखाली, सायकली भिंतीला टेकवून. "काहून थांबला नाहीस बे?"

मी हाताचं ते सांगितलं. मग म्हटलं, "आणि सर, मागच्यानं अंतर ठेवायचं असतं. तो इतका चिकटून का चालवत होता?"

"नियम मीच शिकवले तुला. आता मलेच सांगून राहिला?"

"मग चूक सगळी माझी?"

तुम्ही वाकून चेन बोटानं फिरवून पाहिलीत. मग पुण्याच्या मराठीत, हळू आवाजात म्हणालात, "चूक किती कुणाची ते मोजायला मी बसलेलो नाही. तू एकदा त्याच्याकडे जाऊन ये. माफी नको मागूस हवं तर. 'खड्डा मी पाहिला होता', एवढं त्याला सांग. त्याला कळू दे."

मी 'जातो' म्हटलं. पुढच्या महिन्यात पुन्हा म्हटलं. त्यानंतर तुम्ही विचारलंत की मी चिडायला लागलो. एकदा म्हणालो, "सर, तुम्ही माझे गुरुजी नाही." तुम्ही म्हणालात, "नाहीच." आपण बरोबर चालवत राहिलो, पण एक गोष्ट बदलली. तुम्ही माझ्या मागे कधीच आला नाहीत. माझी पाळी असली की तुम्ही शेजारी येऊन चालवायचात. साठीचा माणूस सगळा वारा अंगावर घ्यायचा, पण माझ्या चाकामागे यायचा नाही. मी त्याबद्दल विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही खरं उत्तर दिलं असतं.

मग तुमचं पोट दुखायला लागलं, तपासण्या झाल्या आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी मुदत सांगितली, तीही पुरी मिळाली नाही. मी दोनदा भेटायला आलो. पहिल्यांदा खोलीत बरीच माणसं होती, आपण टायरबद्दल बोललो. दुसऱ्यांदा सुनंदावहिनींनी मला आत नेलं, म्हणाल्या, "तुमचंच नाव घेत होते सकाळपासून. बसा, मी भात लावून येते," आणि दार ओढून घेतलं. तुमच्या गालांवरची सगळी हाडं दिसत होती. तुम्ही हात पुढे केलात, मी धरला.

"गेला होतास का निखिलकडे?"

मला नाही म्हणता आलं नाही. तुमची ती अवस्था बघून, असं मी स्वतःला सांगतो. पण त्यात मला सुटायचंही होतं. "हो सर," मी म्हटलं. "जाऊन आलो."

तुमचे डोळे उघडले. "सांगितलंस?"

"सगळं."

"काय म्हणाला?"

आता मागे फिरायला वाट नव्हती. मी म्हटलं, "म्हणाला, जाऊ द्या, होतं असं."

म्हणजे मी नुसतं खोटं बोललो नाही, निखिलच्या वतीनं स्वतःला माफही करून टाकलं. तुम्ही माझं मनगट दाबलंत. त्या बोटांत जेवढी ताकद उरली होती तेवढी लावून. "बरं वाटलं," म्हणालात. "चांगला पोरगा आहे तो." जिना उतरताना मला हलकं वाटत होतं, सर. लाज नंतर वाटली. आधी हलकं वाटलं.

चार दिवसांनी तुम्ही गेलात.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला हॉल भरला होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, तुमच्या फोटोपुढे मेणबत्त्या. मी मागच्या रांगेत होतो. भंतेजी एकेक शील म्हणत होते आणि सगळे मागोमाग म्हणत होते. मला ती पाली येत नाही, शेजारच्या आजींनी अर्थ छापलेला कागद माझ्यापुढे सरकवला. चौथं शील खोटं न बोलण्याचं होतं. माझे ओठ तिथं थांबले. आजींनी कागदावर बोट ठेवून ओळ दाखवली, त्यांना वाटलं मी चुकलो.

नंतर लोक बोलले. सगळ्यांत शेवटी निखिल उठला. माईक त्यानं डाव्या हातात धरला होता. तो म्हणाला, "मी सरांना त्या एकाच दिवसापासून ओळखतो. पुढच्या सायकलला कुत्रं आडवं आलं, ते वाचवायला पुढच्यानं सायकल वळवली, आणि मी मागे गाफील, सरळ खड्ड्यात गेलो. सरांनी त्यांना निरोप द्यायला पुढे पाठवलं आणि स्वतः माझ्याजवळ थांबले. त्यांचं पदक गेलं माझ्यामुळं. कधी बोलून नाही दाखवलं."

कुत्रं. सर, कुठलं कुत्रं?

पाच मिनिटांसाठी अर्धा किलोमीटर उलटे फिरलेले तुम्ही. तुम्ही त्या टेम्पोत, मोडक्या हातानं कण्हणाऱ्या माणसाला, माझ्यासाठी एक कुत्रं रचून सांगितलंत आणि मी पळून गेलो त्याला निरोपाचं नाव दिलंत. बाहेर चपला घालताना निखिल माझ्याकडे आला. "तुम्ही मंदार ना? सरांकडून ऐकलंय. बरं झालं त्या दिवशी तुम्ही तरी वाचलात." मी त्याच्याशी हात मिळवला. उजवा. तो अर्धाच वळला.

तेव्हा कुठे मला उमगलं की वर्षभर तुम्ही 'जाऊन ये' का म्हणत होतात. मला वाटायचं, माझ्या भल्यासाठी. पण तुमचंही खोटं त्यात अडकलं होतं. माझ्यासाठी बोललेलं, आणि मी तोंड उघडल्याशिवाय तुम्हांला मागे घेता न येणारं. तुम्ही मला तेवढं सांगितलं असतंत तर मी गेलो असतो. गेलो असतो, असं वाटतं. तुमच्यावर माझा एवढा एक राग आहे. मला का नाही सांगितलंत?

मागच्या रविवारी भोसरीला गेलो. दोन खोल्या, तिसरा मजला. निखिलनं खुर्ची पुढे केली, स्वतः पलंगावर बसला. आतून त्याच्या बायकोनं विचारलं, "चहा ठेवू ना?" तो 'हो' म्हणाला. मी म्हटलं, आधी ऐकून घ्या. आणि सांगितलं. खड्डा, पडद्यावरचा हिशोब, न ओरडणं, टेकलेला पाय, तुमचा हात, सगळं.

मग तो आत बघून म्हणाला, "चहा राहू दे गं."

खाली पाण्याच्या टँकरचा आवाज येत होता.

"म्हणजे कुत्रं नव्हतंच?"

"नाही."

"वर्षभर सर इथं येऊन बसायचे. याच खुर्चीवर. मी त्यांना दहादा म्हटलं असेल, त्या कुत्र्यानं वाट लावली माझी. ते ऐकून घ्यायचे."

"त्यांनी माझ्यासाठी सांगितलं. त्यांची चूक नाही."

"ते कळतंय मला. पण सांगितलं ना?" त्याचा आवाज चढला. "तुमचा राग यायला पाहिजे, तो येईल. पण तुम्ही माझे सरही खराब करून ठेवले. आता काय करू मी त्याचं?"

मी उठलो. जाऊ द्या, होतं असं, हे तो म्हणाला नाही. का म्हणावं त्यानं?

दारापर्यंत आल्यावर तो मागून म्हणाला, "थांबा. सर जायच्या आधी, तीन-चार दिवस असतील, संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. विचारलं, मंदार येऊन गेला ना, काय वाटलं तुला? मी म्हटलं, कोण मंदार? ते पुढचे? नाही सर, कोणीच नाही आलं."

दुपारी मी तुम्हांला सांगून गेलो होतो, आणि त्याच संध्याकाळी तुम्ही त्याला फोन लावला होतात. कशाला, ते मला कळलं. मी बोललोय असं धरून तुम्हांला तुमच्या कुत्र्याबद्दल त्याच्याशी बोलायचं होतं.

"मग?" मी विचारलं. "मग काय म्हणाले?"

"काहीच नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, जेवलास का? मी म्हटलं, नाही अजून. म्हणाले, जेवून घे. आणि ठेवला."

"आवाज कसा होता त्यांचा?"

निखिलनं आठवून बघितलं. मला दुखवायचं म्हणून नाही, खरोखर आठवून बघितलं.

"दमलेला होता," तो म्हणाला. "पण सर आजारीच होते ना."